इतिहास-शिक्षकाची अक्षय ठेव



माध्यमिक शाळेतील इतिहास-शिक्षकाने पदवीच्या वेळी संपादन केलेले ज्ञान हे त्याचे मुद्दल होय. त्यात भर पडली नाही, तर दीर्घ सेवाकाळात ते झिजत जाते. हे जाणूनच कोठारी आयोगाने (१९६४-६६) दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांच्या सेवांतर्गत शिक्षणाची शिफारस केली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली. तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु त्या तासांत शिक्षकाच्या पदरी काय पडते, हा खरा प्रश्न आहे. हजेरीपटावरील सही आणि प्रमाणपत्र यांवरच समाधान मानले, तर वर्गातील इतिहास सनावळीपुरता उरतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण पाहावे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपविली. एकीकडे २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, असा दंडक होता. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. वार्षिक व्याज २४० आणि भिक्षूंचा खर्चही २४०.

प्रशिक्षणवर्गात या लेखाचा अनुवाद शिक्षकांपुढे ठेवून हे गणित त्यांच्याकडूनच करवून घेतले, तर विचारांना चालना मिळेल. राजाच्या जावयाने विणकरांवर एवढा विश्वास का टाकला? दोन श्रेणींचे दर भिन्न का? लेख दात्याने कोरविला, मग विणकरांची बाजू कोठे शोधावी? या सर्वांची उत्तरे शिलेवर नाहीत. साधन काय सांगते, त्यावरून अनुमान कोणते निघते आणि कशाविषयी मौन पाळावे, हा विवेक म्हणजेच इतिहास-शिक्षकाचे खरे कौशल्य. आज मोबाईलवरून वाटेल तो दावा इतिहास म्हणून मुलांपर्यंत पोहोचतो. तो पारखण्याची सवय शिक्षकालाच नसेल, तर विद्यार्थ्याला कोठून लागणार?

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. संस्थाचालकांनी शिक्षकास वर्षातून काही दिवस शाळेच्या वेळेतच मोकळीक द्यावी. सुटीवर त्याचा भार टाकू नये. जवळचे लेणे, वस्तुसंग्रहालय किंवा १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था पाहण्यासाठी प्रवासखर्च द्यावा. परतल्यावर त्याने सहकाऱ्यांपुढे एक पाठ घ्यावा आणि त्यावर मोकळी चर्चा व्हावी.

विणकरांनी ठेव उद्योगात गुंतवली असेल, तरच तिचे व्याज देणे शक्य झाले असेल. पेटीत बंद ठेवलेले धन वाढत नाही. शिक्षकाच्या ज्ञानासही हाच न्याय लागू पडतो, आणि त्याचे व्याज विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना मिळत राहते.