विद्येचें ऋण

पदवीदानाचे दिवस आले कीं आपल्या विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून दुसराही एक सोहळा होतो. जुन्या विद्यार्थ्यांना आणि आश्रयदात्यांना अगत्यानें बोलावितात; ज्यांनीं संस्थेला द्रव्य दिलें, ज्यांनीं लोकसेवेंत नांव मिळविलें, त्यांना शाल, श्रीफळ व मानपत्र अर्पण करितात. अशाच एका समारंभास मी नुकताच हजर होतों. देणगीदारांचीं नांवें वाचण्यांत आलीं, तीं रकमांच्या उतरत्या क्रमानें. आणि कांहीं हजारांपाशीं येऊन यादी थांबली. माझ्या शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, “आमचें नांव यांत यावयाचें नाहीं. आम्हीं येथें नुसतीं तीस वर्षें शिकविलें.” बोलण्यांत कडवटपणा नव्हता, तरी तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. सत्कार करावयाचा तो नेमका कशाचा, हाच प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. द्रव्यदानाला कमी लेखण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. परंतु कायद्यानें विद्यापीठ स्थापन होतें, त्याला छप्पर मिळतें तें दात्यांच्या औदार्यानें. पदवीदानाचें भव्य सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून उभें राहिलें, आणि ग्रंथालय व त्यावरील मनोरा शेट प्रेमचंद रायचंद यांच्या देणगींतून. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें होतें, त्या काळचे हे सर्वांत मोठे व्यापारी. त्यांनीं ग्रंथालयासाठीं दोन लाख व मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. पुढें १८६५ सालीं युद्ध थांबलें, बाजार कोसळला आणि त्यांचें वैभवही त्याबरोबर लयास गेलें. मनोऱ्याचा पाया घातला गेला १८६९ सालीं, आणि काम पुरें झालें १८७८ सालीं. म्हणजे शेवटचा दगड बसला तेव्हां दात्याची ती पूर्वीची संपत्ति राहिली नव्हती. जें त्यांनीं तिजोरींत ठेविलें तें गेलें; जें दिलें तेवढें राहिलें. शिवाय त्या मनोऱ्याला नांव आहे तें त्यांचें नव्हे, तर त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचें. दात्यानेंच तेथें आपल्या ऋणाची नोंद केली आहे.

आतां दुसऱ्या प्रकारचे दाते पाहा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८९९ सालीं केंब्रिज येथें गणितांत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय. सरकारी खात्यांत मोठ्या वेतनाची जागा त्यांना सहज मिळाली असती. परंतु ते परत आले ते आपल्याच महाविद्यालयांत, दरमहा पंचाहत्तर रुपयांवर शिकविण्यासाठीं, आणि पुढें तेथेंच प्राचार्य झाले. घेतलें नाहीं तें वेतन वर्षानुवर्षें मोजीत गेलें तर केवढी देणगी होईल! पण ती कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरलेली नसते, कारण तिची पावतीच कधीं फाडली जात नाहीं.

लहानपणीं मुंबईस परांजपे ज्यांच्या घरीं राहून शिकले, ते धोंडो केशव कर्वे याच मार्गाचे वाटसरू. एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून १८८४ सालीं ते पदवीधर झाले. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनीं फर्ग्युसनमध्यें गणित शिकविलें. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. पुढें हिंगण्याच्या माळावर जागा मिळाली. तेथून शहरांत पायीं जाऊन शिकवावयाचें आणि उरलेल्या वेळांत वर्गणीसाठीं दारोदार हिंडावयाचें, असा त्यांचा क्रम होता. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ सुरू केलें तेव्हां विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच! त्या विद्यापीठाचें कुलपतिपद स्वीकारलें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडींतले ते विद्यार्थी. आणि कुलगुरुपदाचा भार उचलला परांजपे यांनीं. एका विद्यापीठानें घडविलेल्या माणसांनीं दुसऱ्या विद्यापीठाची पालखी अशी खांद्यावर घेतली.

यानंतर, १९२० सालीं, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं या संस्थेला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला नांव मिळालें तें त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें. राजाबाईंप्रमाणेंच येथेंही एका मातेचें स्मरण! परंतु कालक्रम लक्षांत घ्या. आधीं वीसबावीस वर्षांची पायपीट, आणि मग पंधरा लाख. सेवेनें विश्वास निर्माण केला, म्हणून द्रव्याचा ओघ तिकडे वळला. आणि द्रव्य आलें, म्हणून सेवेला स्थैर्य लाभलें. या दोहोंत थोरला कोण आणि धाकटा कोण, हें ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

मुंबई विद्यापीठानें कर्व्यांना सन्मान्य पदवी दिली ती १९५७ सालीं; भारतरत्न हा किताब मिळाला १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं. सत्कारानें वाट पाहावयास लाविलें. पण काम सत्काराची वाट पाहत थांबलें नव्हतें.

म्हणून संस्थाचालकांना माझी एवढीच विनंती आहे. दात्यांचा गौरव अवश्य करा. पण नांवें वाचतांना रकमा वाचूं नका. लाख देणाऱ्याशेजारीं त्या शिक्षकाला बसवा, पुस्तक हातांत ठेवणाऱ्या ग्रंथपालाला बसवा, पहांटे वाचनालयाचें दार उघडणाऱ्या शिपायालाही बसवा. आणि श्रोतेहो, आपणांपैकीं बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या शाळेचे, महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी आहांत. आपण भरलेल्या फीमध्यें आपलें शिक्षण झालें, असा कोणाचाही समज नसावा. बाकीचा खर्च कोणीतरी सोसला आहे. कोणी पैशानें, कोणी आयुष्यानें. आपल्या पूर्वजांनीं याला ऋषिऋण म्हटलें. तें ज्यांनीं दिलें त्यांना परत करतां येत नाहीं. तें पुढच्या पिढीलाच द्यावें लागतें. ज्या दिवशीं आपण एखाद्या मुलाची फी भराल, किंवा आठवड्यांतून एक तास कोणाला शिकवाल, त्या दिवशीं माझ्या शेजारीं बसलेल्या त्या वृद्ध गुरुजींचा खरा सत्कार होईल. मग त्यांचें नांव कोणत्या यादींत असो वा नसो.