ओझे आणि कमान

मदन महालच्या टेकडीवर गोंड राजवटीतला एक लहानसा किल्ला आहे. तो एका अजस्र शिळेच्या आधाराने उभा आहे. तिथे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड धोंडा दुसऱ्या धोंड्यावर इतक्या थोड्या जागेत टेकलेला दिसतो, की पाहणारा नकळत दोन पावले मागे सरतो. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातील कित्येक घरे कोसळली, पण हा धोंडा ढळला नाही. ओझे किती, याच्याइतकाच ते कोठे टेकले आहे हाही प्रश्न मोलाचा असतो, याची यापेक्षा ठसठशीत साक्ष कोणती मिळणार?

जबलपूर शहराचा एक मोठा उद्योगही याच प्रश्नाभोवती उभा आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. पुढे मान या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरून शक्तिमान ट्रक या शहरात बांधले जाऊ लागले आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी निघाली. २०१९ साली सैन्याच्या हाती आलेली धनुष तोफही याच गावची. तिचे वजन सुमारे १३ टन. लांबच्या मजलेला ती ट्रकमागे जोडून न्यावी लागते. अशा कामाच्या ट्रकची निवड करताना ओझे आधी ठरते आणि गाडी मागून. सामान्य ट्रकमालकाची गोष्ट मात्र उलटी असते. गाडी आधीच दारात उभी असते, आणि मग कोणी पाण्याची टाकी, कोणी खोदाईचे यंत्र ओढून न्यायला सांगतो. मागे ट्रेलर जोडला, की ट्रकची शेपूट खाली बसते. मालक मिस्त्रीला सांगतो, "दोन पाटे चढव." या दोन पाट्यांविषयी आज थोडे बोलायचे आहे, कारण त्यांच्यावर पुष्कळांचे प्राण अवलंबून असतात.

भार आणि तोल यांचे नाते आपल्या गाडीवानांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. जोखडाकडे भार जास्त झाला, तर गाडी धुरजड; मागे जास्त झाला, तर उलाळ. दोन्ही प्रकारांत हाल बैलांचे. मागच्या आकड्यावर भार घेणारा ट्रक असाच उलाळ होतो. एक हिशेब मांडून पाहू. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या आसांत चार मीटर अंतर आहे, आणि ट्रेलरचा आकडा मागच्या आसाच्या मागे दीड मीटरवर आहे असे समजा. आकड्यावर ८०० किलो भार पडला, तर मागच्या आसावर ८०० नव्हे, तर ११०० किलो भार वाढतो. कारण पुढच्या चाकांवरचे ३०० किलो उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचे, ब्रेक लावताच ज्यांनी रस्ता घट्ट धरायचा, नेमकी तीच चाके हलकी होतात. आता मागे जाड पाटे घातले, तर शेपूट वर येईल, ट्रक सरळ दिसेल. पण ते ३०० किलो पुढच्या चाकांवर परत जाणार नाहीत. लक्षण नाहीसे झाले, रोग तसाच राहिला.

म्हणून पहिला मुक्काम मिस्त्रीच्या दुकानात नव्हे, वजनकाट्यावर असावा. भरलेला ट्रेलर जोडून पुढच्या आणि मागच्या आसांचे वजन निरनिराळे घ्यावे आणि ते कारखान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावे. मर्यादा ओलांडली असेल, तर आधी ट्रेलरमधला माल सरकवून पाहावा. मात्र तो फार मागे नेऊ नये; आकड्यावरचा भार अगदी कमी झाला, की ट्रेलर शेपटीसारखा दोन्ही बाजूंना झुलू लागतो. तेवढ्याने भागले नाही, तर माल कमी करावा किंवा त्या कामासाठी निराळे वाहन घ्यावे. सगळे आकडे मर्यादेत असूनही ट्रक बसत असेल, तरच कमानीचा विचार योग्य ठरतो.

मग कोणती कमान? पाट्यांची जाडी हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी एक दशांशाने वाढवली, तर ताठपणा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. असा ट्रक रिकामा परतताना उसळतो, चाके रस्ता सोडतात, चालकाची कंबर दुखते. ज्याला जाताना ओझे आणि येताना रिकामे यावे लागते, त्याने मुख्य कमानीवर मदतीचे पाटे बसवावेत. मुख्य कमान ठराविक प्रमाणात दबल्यावरच ते कामाला लागतात; एरवी स्वस्थ असतात. ओझे रोज बदलत असेल, तर हवेच्या पिशव्या सोयीच्या, कारण हवा कमीजास्त करता येते. पण त्यांची गळती रोज तपासावी लागते, आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या निरनिराळ्या ठेवाव्यात. एकत्र जोडल्या, तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे जाते आणि गाडी अधिकच कलते. कमान धक्का साठवते, तो जिरवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचे; म्हणून कमान ताठ केली, की तेही तिच्या जोडीचे घ्यावे लागतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. काही ट्रकांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारी एक झडप असते. सांगाडा आसाच्या किती जवळ आला आहे, यावरून ती ओझ्याचा अंदाज घेते. कमान ताठ केली, की सांगाडा खाली येत नाही. झडपेला वाटते, गाडी हलकी आहे, आणि ती मागचा ब्रेक कमी लावते. पाटे बदलले, की ही झडपही पुन्हा जुळवून घेतली पाहिजे.

मालकाचा खरा मोह निराळाच असतो. गाडी बसत नाही, म्हणजे आणखी चार टन घालायला हरकत नाही, असे तो मानतो. परंतु कमान बदलल्याने आस, टायर, ब्रेक आणि सांगाडा यांची ताकद कणभरही वाढत नाही. कायदाही हेच सांगतो. चार टायरच्या एका आसाची मर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, ती सरकारी अधिसूचनेने. कोणाच्या पाट्यांनी नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये व वर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. दंड भरून रस्ता मात्र दुरुस्त होत नाही. आसावरचा भार २० टक्क्यांनी वाढला, तर रस्त्याची झीज साधारण दुप्पट होते, असा रस्ते बांधणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. एकाच्या नफ्याची ही किंमत सर्वांनी मिळून द्यायची असते.

आणि सर्वांत आधी ती चालक देतो. जबलपुराहून सातपुडा ओलांडून नागपूरकडे उतरताना त्याच्या मागे कित्येक टनांचे ओझे ढकलत असते. मालक गावात असतो, मिस्त्री दुकानात असतो. पुढची चाके हलकी आहेत हे त्या वळणावर एकट्या चालकाच्या हाताला कळते. बसलेली कमान हा गाडीने वेळेवर दिलेला निरोप असतो. तो आधी नीट ऐकावा, काट्यावर पडताळावा, आणि मगच पाट्यांना हात घालावा.