टाळ हातात आहेच, मृदंग पुन्हा धरावा का?



दिंडीच्या शंभराव्या वर्षी दोन शब्द बोला, असा विणेकरी बाबांचा आदेश झाला. आम्ही टाळकरी माणसं. टाळकऱ्यांच्या मनात जे घोळतंय, तेच तुमच्यापुढं ठेवतो.

आमच्यातले पाच-सहा जण पोरवयात मृदंग शिकत होते. 'ता दिं थुं ना' घोटून झालं, भजनी ठेका हातात बसायला लागला, तोवर शेती अन् संसार अंगावर आला. टाळ मात्र कधी सुटला नाही. आता पन्नाशीला प्रश्न पडलाय, मृदंग पुन्हा धरावा का?

हा प्रश्न हौसेचा नाही, माउली. टाळकरी बक्कळ असतात. एखादा पाणी प्यायला थांबला तर भजनाला कळतसुद्धा नाही. मृदंग थांबला की पावली जागच्या जागी अडखळते. आपले मृदंगबुवा सत्तरीपुढं गेले. गळ्यात मृदंग अडकवून दिवे घाट चढायचा, अन् बदलीला हात नाही.

कोणी म्हणतं, पोरं शिकतील. शिकतीलच. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं आजही मुलं तयार होतात. पण तयार झालेला मुलगा गावोगावच्या कीर्तनाला जाणार. गावातल्या रोजच्या हरिपाठाला कोण बसणार?

अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. टाळाला दोन्ही हात एकच काम करतात. मृदंगावर डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. खुरप्यानं अन् धारा काढून बोटं ताठलीत. वाद्याची निगाही आली. डाव्या पुडीला कणीक लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. उजवीची शाई पावसापासून जपायची. ओल्या हवेत पुडी उतरली की गठ्ठे ठोकून सूर चढवायचा.

पण एक भांडवल आमच्याकडं आहे. इतकी वर्षं टाळ वाजवून लय अंगात मुरलीय. नव्या माणसाला आधी तीच कमवावी लागते. आम्हाला बोल तेवढे हातात परत आणायचेत.

म्हणून आम्ही ठरवलंय, शिकणं पुन्हा सुरू करायचं. कीर्तनात बुवांच्या शेजारी उभं राहायची आस नाही. संध्याकाळच्या हरिपाठाला सरळ ठेका धरता आला, तरी बुवांच्या खांद्याला विसावा मिळेल. कार्तिकीपर्यंत रोज अर्धा तास बसायचं, बुवांच्या समोरच. ठेका हलला तर ते तिथंच थांबवतील. कार्तिकीनंतर ज्याचा हात बसेल त्यानं मृदंग घ्यावा. ज्याचा बसणार नाही, त्यानं मन लहान न करता टाळ घ्यावा, सेवा तीच.

घरी जुना मृदंग माळ्यावर असेल, तर उतरवा. पुड्या बघा, वाद्या ओढून बघा. उद्या हरिपाठानंतर मंदिरात बसणार आहोत, ज्यांना यायचं त्यांनी यावं.

रामकृष्ण हरी!