येमेनचे एकीकरण : झेंडा एक, सैन्ये दोन



एडन हे नाव मराठी माणसाला परके नाही. वासुदेव बळवंत फडके यांनी १८८३ साली तेथील तुरुंगातच देह ठेवला; १९३२ पर्यंत त्या बंदराचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता. १९६७ मध्ये ब्रिटिशांना हुसकावून तेथे जे राज्य उभे राहिले, ते पुढे अरब जगातील एकमेव मार्क्सवादी राज्य ठरले. उत्तरेकडे सना येथे १९६२ मध्येच इमामाची राजवट उलथली होती. परंतु सत्ता लष्करी अधिकारी आणि टोळीप्रमुख यांच्या मुठीत राहिली. एकाच भाषेच्या जनतेची ही दोन राज्ये १९७२ व १९७९ मध्ये परस्परांशी लढली आणि दोन्ही वेळा, लढाई थांबताच, एकीकरणाच्या करारावर सह्या करून मोकळी झाली!

२२ मे १९९० रोजी एकीकरण प्रत्यक्षात आले. जनतेला ते मनापासून हवे होते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो पद्धतीविषयी. सोव्हिएत मदत आटली होती. जानेवारी १९८६ मध्ये येमेनी समाजवादी पक्षाच्या नेत्यांनी एकमेकांवरच बंदुका रोखल्या होत्या व त्यात हजारो माणसे मारली गेली होती. असा रक्तबंबाळ पक्ष चौपट लोकसंख्येच्या उत्तरेशी वाटाघाटी करावयास बसला. अध्यक्षमंडळात तीन जागा उत्तरेला, दोन दक्षिणेला, राजधानी सना. सैन्ये मात्र एक झालीच नाहीत. उत्तरेच्या काही तुकड्या दक्षिणेत आणि दक्षिणेच्या उत्तरेत नेऊन ठेवल्या, इतकेच. त्यांचे सेनापती जुनेच राहिले.

याची पहिली किंमत मोजली ती स्त्रियांनी. दक्षिणेतील १९७४ च्या कुटुंब कायद्याने बहुपत्नीत्वावर कडक निर्बंध घातले होते, तोंडी तलाक बंद करून घटस्फोट न्यायालयाच्या कक्षेत आणला होता. १९९२ च्या नव्या कायद्याने ते सारे पुसून टाकले, आणि तेही समाजवादी पक्ष सत्तेत भागीदार असताना! ज्या एडनच्या स्त्रीने हा हक्क झगडून मिळविला, तिला एकीकरणाच्या मसुद्याविषयी कोणी विचारले होते?

१९९३ च्या निवडणुकीत ३०१ पैकी अवघ्या ५६ जागा या पक्षाच्या वाट्याला आल्या. एप्रिल १९९४ मध्ये अमरान येथे शेजारी तळ देऊन बसलेल्या दोन्ही सैन्यांत रणगाड्यांची लढाई जुंपली. ७ जुलै रोजी एडन पडले. दक्षिणेच्या हजारो सैनिकांना व नोकरांना सक्तीने घरी बसविण्यात आले. २००७ मध्ये एडनच्या रस्त्यांवर निदर्शनांस प्रथम उतरले ते हेच निवृत्त सैनिक. प्रारंभी त्यांची मागणी केवळ निवृत्तिवेतनाची होती; स्वतंत्र दक्षिणेची घोषणा त्यानंतर ऐकू येऊ लागली.