शहरात एक दिवस, नुसतं बघायला



शाळांना सुट्टी लागली की आपल्या केदारखेड्यातून गाड्या निघतात. राजूरच्या गणपतीला हात जोडायचे, वेरूळला घृष्णेश्वर, खुलताबादला भद्रा मारुती, पुढं शिर्डी, शनिशिंगणापूर आणि घरी परत. वाटेत छत्रपती संभाजीनगर लागतं, पण गाडी तिथं थांबत नाही. थांबली तर डिझेल भरायला. या प्रवासातला एक आख्खा दिवस त्या शहराला का द्यावा आणि तो कसा घालवावा, हे आज आम्ही सांगणार आहोत.

तसं हे शहर आपल्याला नवं नाही. अवघड बाळंतपण असलं की घाटी दवाखाना, लग्न ठरलं की बस्ता, तारीख पडली की कोर्ट. पण काळजी घेऊन गेलेली बाई रस्ता बघते, शहर बघत नाही. कितीतरी जणी घाटीत सुनेजवळ, लेकीजवळ आठ-आठ दिवस राहून आल्या. पाणचक्की तिथून जवळच, तरी ती पाहायची राहून गेली. म्हणून एकदा काहीही काम नसताना जायचं.

सकाळी ऊन चढायच्या आत लेण्यांपासून सुरुवात करा. ही वेरूळची लेणी नव्हेत. शहराच्या उत्तरेला, मकबऱ्याच्या पुढं डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना सावकाश न्या. सात नंबरच्या लेण्यात दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे नाचणाऱ्या बाईचं शिल्प. तिच्या भोवती वाद्यं वाजवणाऱ्याही बायकाच आहेत. दुसरं शिल्प अवलोकितेश्वराचं. त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत. कुणाला आग लागलीय, कुणापुढं चोर उभा आहे, कुणावर सिंह धावून आलाय, कुणाची नाव बुडतेय. प्रवासाला निघालेल्या माणसांची ही सगळी भीती. आपलं भोकरदन तेव्हाच्याही आधीपासून भोगवर्धन नावाचं व्यापाराचं गाव होतं. इथून माल घेऊन निघणाऱ्यांच्या घरच्या बायांनाही हाच घोर लागत असेल. आता आपण गाडीला लिंबू-मिरची बांधतो आणि पोचल्यावर फोन कर म्हणतो.

तिथून खाली उतरलं की बीबी का मकबरा. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक हसतात आणि फोटो काढून निघतात. पण ही बीबी कोण, ते लेकींना सांगा. तिचं नाव दिलरास बानू, औरंगजेबाची बेगम. १६५७ साली सप्टेंबरात तिला पाचवं मूल झालं आणि महिनाभरात, ऑक्टोबरात, ती याच शहरात वारली. बादशाही घरची बाई, हकीम आणि दासी हाताशी, तरी बाळंतपणानंतर वाचली नाही. मकबरा १६६०-६१ च्या सुमारास उभा राहिला. दारावरच्या मजकुरात अताउल्ला आणि हंसपतराय या दोघा कारागिरांची नावं आहेत. जुन्या नोंदीत खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे लिहिलाय. सगळा संगमरवर लावायला पैसा पुरेसा नव्हता, म्हणून घुमट आणि खालचा भाग संगमरवरी, बाकी गुळगुळीत चुन्याचा गिलावा. आत गेल्यावर वरच्या कठड्यापाशी उभं राहून खाली बघायचं. कबर खालच्या अंगाला आहे, भोवती संगमरवराची जाळी आहे. आम्ही तिथं उभ्या राहिलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या प्रत्येकीच्या नात्यात बाळंतपणात गेलेली एखादी जाऊ, नणंद, आत्या आहे. त्यांच्यासाठी कुणी घुमट बांधला नाही. पण पोटुशी लेक सोबत असेल तर तिला तिथंच सांगता येतं : तपासणी चुकवायची नाही, बाळंतपण दवाखान्यातच करायचं, आणि घरी आल्यावर ताप आला, अंगावरून जास्त जायला लागलं, तर लाजून अंगावर काढायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं.

दुपारचं ऊन पाणचक्कीत काढा. हा बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा. लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून इथं आणलं. ते उंचावरून पडतं, त्याच्या जोरावर खालचं चाक फिरतं आणि चाकासोबत जातं. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ याच जात्यावर दळलं जायचं. मोठा हौद आहे, आणि त्या हौदाच्या तळाखाली खांबांवर उभं दालन आहे. डोक्यावर पाणी, म्हणून आत गारवा. पहाटे उठून दोन पायल्या दळण दळलेल्या आपल्या सासवांना हे जातं जरूर दाखवा. बाईच्या खांद्याऐवजी पाण्यानं जातं ओढायचं, ही युक्ती माणसाला कधीच सुचली होती. ती आपल्या ओसरीपर्यंत यायला मात्र विजेची गिरणी यावी लागली. आणि उन्हाळ्यात टँकरमागं हंडे घेऊन धावताना हेही आठवू द्या की याच मराठवाड्यात शेकडो वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी नळानं आणलं होतं. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की हे सांगता येतं.

उन्हं कलली की भडकल दरवाजा बघा. मलिक अंबरनं १६१० साली खडकी नावानं हे शहर वसवलं आणि १६१२ साली हा दरवाजा उभारला. मग गुलमंडीला जा. तिथं हिमरूची शाल हातात घेऊन बघा. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं असतं. घेतलीच पाहिजे असं नाही.

आता महत्त्वाचं. सहल सगळ्यांची असते, पण पहाटे तीनला उठून धपाटे थापते ती बाई. मागच्या सीटवर लेकरू मांडीवर घेते ती बाई. सगळे आत बघायला गेले की झाडाखाली पिशव्या राखते तीही बाईच. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच ठरवा. पिशव्या आळीपाळीनं राखायच्या, त्यात गडी माणसांचीही पाळी धरायची. शिदोरी एकाच वेळेची, दुसरं जेवण बाहेर. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता राहू नका. तिकिटाच्या ठिकाणी आत शिरताच स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारून घ्या. आणि गाडीत खिडकीची जागा एकदा तरी मागा.

गाडी करणं परवडत नसेल तर चारचौघी मिळून एसटीनं जा. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत.

घरात कुणी विचारेल, देव नाही, दवाखाना नाही, मग शहरात काय काम? तेव्हा सरळ सांगा, बघायला चाललोय. तेवढं कारण पुरे आहे.