‘ध’ चा ‘मा’ आणि एकमताचे गणित

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाशिककर श्रोत्यांपुढे विश्वासघाताच्या गणिताविषयी बोलायचे, तर प्रारंभ आनंदवलीपासूनच करावयास हवा. गोदातीरावरील या गावी राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा वाडा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. लोकपरंपरा सांगते की, गारद्यांना गेलेल्या आज्ञेत मूळ शब्द ‘धरावे’ असा होता. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यातला प्रश्न खरा आहे. हाती आलेल्या आज्ञेवर विसंबायचे, तर कशाच्या बळावर?

दोन शतकांनंतर हाच प्रश्न संगणकशास्त्रापुढे उभा राहिला. विमानाचे नियंत्रण एकाच संगणकावर सोपविणे धोक्याचे, म्हणून अनेक संगणक जोडले जातात. त्यांतील एखादा बंद पडला, तर ते लक्षात येते. पण बिघडलेला संगणक एका सहकाऱ्याला एक आकडा आणि दुसऱ्याला दुसराच आकडा सांगू लागला, तर? लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज या तिघांनी १९८२ साली या समस्येला ‘बायझंटाइन सेनापतींची समस्या’ असे नाव दिले. शहराला वेढा घालून बसलेले सेनापती केवळ जासुदांकरवी बोलतात. हल्ला सर्वांनी एकदम करायचा किंवा एकदम माघार घ्यायची; आणि त्यांच्यातच कोणी फितूर आहे.

समजा, एक मुख्य सेनापती आणि दोन सरदार आहेत. पहिल्या सरदाराला मुख्याकडून ‘धरा’ अशी आज्ञा येते, दुसरा मात्र म्हणतो, “मला ‘मारा’ असे सांगितले.” आता फितूर कोण? मुख्य सेनापतीने दोघांना वेगवेगळे सांगितले, की दुसरा सरदार खोटे बोलतो आहे? पहिल्या सरदाराला दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखेच दिसतात. तिघांत एक फितूर असेल आणि निरोप केवळ तोंडी असतील, तर खात्रीचा मार्ग नाही, हे या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.

चौथा माणूस आला की चित्र पालटते. आता प्रत्येक सरदाराजवळ तीन साक्षी जमतात : एक थेट आज्ञा आणि दोन सहकाऱ्यांनी सांगितलेल्या. बहुमत पाहिले की निर्णय होतो. फितूर मुख्य सेनापतीच असला, तरी तिन्ही प्रामाणिक सरदार एकाच निर्णयावर येतात. नियम असा : एका फितुरासाठी चार, दोघांसाठी सात, तिघांसाठी दहा. फितुरांची संख्या एक-तृतीयांशाहून कमीच हवी.

१९९९ साली मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी ही पद्धत व्यवहारात पुरेशी वेगवान करून दाखविली. चार संगणकांपैकी तिघांची संमती मिळाली की निर्णय पक्का. चौथ्यासाठी थांबता येत नाही. तो फितूर आहे की केवळ मंद, हे कळण्यास मार्ग नसतो. येथे खरी मेख आहे. चौघांतून तिघांचे कोणतेही दोन गट करा, त्यांत निदान दोन सभासद सामाईक असतात. फितूर एकच, म्हणजे त्या दोघांत एक तरी प्रामाणिक. तो परस्परविरोधी दोन निर्णयांना संमती देणार नाही. फितूर कोण, हे शोधून न काढताही त्याचा डाव फसतो.

नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या नोटेमागे एका मध्यवर्ती संस्थेची हमी असते. जेथे असे केंद्र नाही, तेथे हे गणित उपयोगी पडते. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनने मतांऐवजी संगणकीय श्रमाच्या बळावर एकमताचा निराळा मार्ग काढला. पुढे आलेल्या अनेक ब्लॉकचेन मात्र दोन-तृतीयांशांच्या नियमाकडे वळल्या. २०१७ साली मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालेली ‘पॉलिगॉन’ ही त्यांपैकीच. तेथे पडताळणी करणाऱ्यांनी तारण ठेवलेल्या नाण्यांवर मताचे वजन ठरते आणि नोंदी पक्क्या करण्यास दोन-तृतीयांशाहून अधिक वजन लागते. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांसाठी याच ब्लॉकचेनचा आधार घेण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. दुर्गम भागातील विद्यार्थ्याच्या दाखल्यावर कोणी शंका घेतली, तर अस्सलपणाची पडताळणी तेथेच करता यावी, हा त्यामागील हेतू.

मात्र एक विवेक राखला पाहिजे. हे गणित नोंद वाटेत बदलू देत नाही. नोंद मुळात खरी होती की नाही, हे ते सांगत नाही. तलाठ्याच्या दप्तरातच खोटे लिहिले गेले, तर ब्लॉकचेन ते खोटे तितक्याच निष्ठेने जपेल. ‘ध’ चा ‘मा’ होणे ती रोखेल. प्रथमच ‘मा’ लिहिणाऱ्याचा हात ती धरू शकत नाही.

दुसरी मर्यादा या गणिताच्या पोटातच आहे. फितुरांची संख्या एक-तृतीयांशावर पोहोचली की हमी संपली. फितूर असणारच, असे गृहीत धरून व्यवस्था उभारणे हे शहाणपण होय. पण तिच्या पायाशी प्रामाणिक माणसांचा दोन-तृतीयांशाहून मोठा समुदाय लागतोच. तो घडविणे हे यंत्राचे काम नव्हे. ते घराचे, शाळेचे आणि समाजाचे काम आहे.