मीनाला चालायला शिकवणारा चित्रकार



मागे एकदा जिल्हा परिषदेच्या एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. शाळेत मीना-राजू मंचाचा कार्यक्रम होता. भिंतीवर मीनाचं चित्र रंगवलेलं आणि तिच्याजवळ मिठू पोपट. कविता झाल्यावर सर म्हणाले, "पाहुण्यांना कुणाला काही विचारायचंय का?" सहावीतली एक मुलगी उठली. मला वाटलं, कविता कशी सुचते असं काहीतरी विचारील. ती म्हणाली, "मीनाचे आई-बाप ऊसतोडीला जात नाहीत का?"

मला उत्तर देता आलं नाही. एसटीत बसल्यावर मनात आलं, ही मीना मुळात काढली कुणी? निदान एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं. त्या चित्रकाराचं नाव राम मोहन. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

राम मोहन यांचा जन्म १९३१ चा. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण हात चित्रकाराचा. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगपट विभाग सुरू झाला, तिथे ते दाखल झाले. शिकवायला अमेरिकेहून क्लेअर वीक्स आले होते. वॉल्ट डिस्नेंच्या स्टुडिओत 'बाम्बी'सारख्या चित्रपटांवर काम केलेला हा माणूस. त्यांच्या हाताखाली १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' तयार झाला. गोष्ट जातक कथेतली आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची. म्हणजे तंत्र अमेरिकेचं, पण हरणाच्या मानेचं वळण आपल्या मराठवाड्यातल्या लेण्यातलं!

हे काम किती चिकाटीचं, ते हिशेबानं कळतं. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. दहा मिनिटांच्या गोष्टीला सात हजार दोनशे. मुख्य चित्रकार पात्राची सुरुवातीची आणि शेवटची ढब काढतो. पाय उचलला हे एक चित्र, पाय टेकला हे दुसरं. या दोहोंमधली चित्रं मदतनीस भरतात. ती नीट भरली नाहीत, तर पात्र चालत नाही, उडी मारल्यासारखं दिसतं.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या रेडिओवाल्यांना आवडण्याजोगी आहे. बोलक्या पात्रांचा आवाज सहसा आधी ध्वनिमुद्रित होतो, मग त्या आवाजाबरहुकूम ओठ काढले जातात. परदेशी कार्टून आपल्या भाषेत आणायचं, तर उलटी कसरत करावी लागते. 'जंगल बुक'मधला शेरखान हिंदीत गुरगुरला तो आपल्या नाना पाटेकरांच्या आवाजात. चित्र जपानचं होतं, पण पोरं घाबरली ती आवाजाला.

राम मोहन यांनी १९६८ मध्ये सरकारी नोकरी सोडली आणि १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला कार्टूनचा भाग त्यांचाच. जपानच्या युगो साको यांच्याबरोबर त्यांनी रामायणावरचा मोठा कार्टूनपट केला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये त्यांच्याकडे शिकलेले भीमसैन पुढे 'एक अनेक और एकता'चे चित्रकार झाले. १९७४ चा हा लघुपट आपल्या विजया मुळे यांनी घडवला. जाळ्यासकट उडणारे ते पक्षी माझ्या पिढीला आजही आठवतात. २०१४ मध्ये राम मोहन यांना पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी ते मुंबईत वारले.

पण मला ते जवळचे वाटतात मीनामुळे. १९९० च्या दशकात युनिसेफला दक्षिण आशियातल्या मुलींसाठी एक पात्र हवं होतं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, सगळीकडे ते आपलं वाटायला हवं. नाव ठरलं मीना. हे नाव हिंदूंच्या घरात आहे तसं आमच्याही घरात आहे. पोशाखही असा, की कुणा एका देशाचा म्हणता येऊ नये. राम मोहन यांनी तिचं रूप घडवलं. पहिल्या गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत, म्हणून ती पोपटाला पाठवते. पोपट आकडे शिकून येतो आणि तिला शिकवतो. मग ती कोंबड्या मोजते आणि एक कमी भरली की चोर पकडून देते. दुसऱ्या एका गोष्टीत आंब्याची मोठी फोड भावाला मिळते. का, तर तो मुलगा. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि राजूला कळतं बहीण किती राबते ते.

ही गोष्ट मी मोठेपणी पाहिली आणि मान खाली गेली. आमच्या घरात अंडं एकच असलं, तर ते माझ्या ताटात पडायचं. आपा माझ्यापेक्षा हुशार होती, पाढे मला तिनंच शिकवले. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि मी बी.ए. झालो. अम्मी काही दुष्ट नव्हती. तिलाही तिच्या आईनं असंच वाढलं होतं. मी मात्र ते अंडं मुकाट्यानं खात आलो.

२०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. मीनाचं चित्र शाळेच्या भिंतीवर आहे, तरीही हा आकडा आहे. दसरा-दिवाळीला गाड्या भरतात, मुकादमाची उचल फेडायला आई-बाप कारखान्याकडे निघतात. पोरगी सोबत गेली, तर फडाशेजारच्या कोपीत धाकट्यांना सांभाळते, भाकरी थापते. मागं ठेवावी तर जिवाला घोर. म्हणून लवकर लग्न लावून देतात, आणि नवरा-बायको मिळून आणखी एक कोयता तयार होतो.

श्रोतेहो, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आता मला सापडलंय. नाही बाळ, मीनाचे आई-बाप तोडीला जात नाहीत. तिची गोष्ट काढणाऱ्यांनी पाय उचलताना दाखवला आणि पाय टेकताना दाखवला. तुझ्या हजेरीपटावर दसऱ्याला तू आहेस आणि पुन्हा जूनमध्ये आहेस. मधली चित्रं कोरी आहेत. ती भरायचं काम मुंबईच्या चित्रकाराचं नव्हतं. ते इथल्या हंगामी वसतिगृहाचं आहे, गुरुजींचं आहे, मुकादमाचं आहे, आणि ताटातलं अंडं मुकाट्यानं खाणाऱ्या माझ्यासारख्या भावांचंही आहे.

(रेडिओवरील भाषण, संपादित)